व्हीएस कोडमध्ये फाइल्सना रंगीत आयकॉन कसे लावायचे: पहिल्यापासून शेवटपर्यंत, नवीन लोकांसाठी

व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) नवीन नवीन टाकलं की सुरुवातीला डावीकडच्या पट्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण प्रोजेक्टमध्ये फाइल्सच असतात तीन-चार. मग एखादं ट्यूटोरियल सुरू होतं, फोल्डरमध्ये फोल्डर होतात, इंडेक्स नावाच्याच तीन फाइल्स होतात, एक एचटीएमएल एक सीएसएस एक जावास्क्रिप्ट, आणि माणूस घाईघाईत सीएसएसचा कोड जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये लिहून बसतो आणि ब्राउझरमध्ये काहीच का बदलत नाही म्हणून अर्धा तास रिफ्रेश मारत राहतो. हे बॅचमधल्या प्रत्येक नवीन मुलामुलीचं होताना बघितलंय म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आयकॉनचा पहिला उपयोग फाइल पटकन ओळखायला होतो. एसटी स्टँडवर बोर्ड वाचायच्या आधीच रंगावरून गाडी साधी आहे की शिवनेरी ते दुरून कळतं ना, तसं. दुसरा उपयोग त्याहून मोठा आहे आणि तो फार कुणी सांगत नाही, चुकीच्या नावाने सेव्ह झालेली फाइल आयकॉनवरून लगेच पकडता येते. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय, तो भाग सोडू नका.

काय काय लागेल

- व्हीएस कोड, शक्यतो अपडेट केलेलं. विंडोज, मॅक, लिनक्स काहीही चालेल. विंडोजवर यूझर सेटअपवालं घेतलं असेल तर ॲडमिन पासवर्ड लागत नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये हे कामाला येतं.
- एकदा पुरतं इंटरनेट. नसेल तर त्याचाही उपाय खाली दिलाय.
- प्रयोगासाठी एक रिकामा फोल्डर.

वेगळा फॉन्ट लागत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, पैसे लागत नाहीत. कुणी फॉन्ट टाका म्हणून सांगितलं तर ते निओव्हिम या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, चालणाऱ्या एडिटरबद्दल बोलतायत असं समजा, त्याची गोष्ट शेवटी आहे.

१. आधी तीन वेगवेगळ्या थीम समजून घ्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो त्यामुळे इन्स्टॉलच्या आधी हे वाचा. व्हीएस कोडमध्ये थीम या नावाखाली तीन गोष्टी येतात.

कलर थीम म्हणजे एडिटरचा रंग, डार्क का लाइट, कोडमधले शब्द कुठल्या रंगात दिसणार ते.

फाइल आयकॉन थीम म्हणजे साइडबारमध्ये आणि टॅबवर फाइलच्या नावाच्या डाव्या बाजूला दिसणारं छोटं चित्र. आपल्याला ही हवी आहे.

प्रॉडक्ट आयकॉन थीम म्हणजे व्हीएस कोडची स्वतःची बटणं, सर्चचं भिंग, सेटिंगचं चक्र वगैरे. तिचा फाइल्सशी काही संबंध नाही.

आता होतं काय की मार्केटप्लेसमध्ये, म्हणजे व्हीएस कोडच्या जोडण्या (एक्स्टेंशन) मिळायच्या जागी, थीम म्हणून शोधलं की कलर थीम ढिगाने येतात, त्यातली एक लावली की सगळ्या स्क्रीनचा रंग बदलतो पण आयकॉन जसेच्या तसे, मग दुसरी, मग तिसरी, आणि शेवटी एक्स्टेंशनच चालत नाही असं वाटायला लागतं. एक्स्टेंशन बरोबर चालू असतं, फक्त ते दुसऱ्याच कामाचं असतं.

२. काही इन्स्टॉल न करता आधी हे करून बघा

कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा, मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. वरती एक खोका उघडतो त्याला कमांड पॅलेट म्हणतात. त्यात इंग्रजीत फाइल आयकॉन थीम टाइप करा आणि प्रेफरन्सेस: फाइल आयकॉन थीम ही ओळ निवडा. आता जी यादी येते त्यात सेटी, मिनिमल आणि नन असे पर्याय दिसतील. सेटी हे व्हीएस कोडसोबतच येतं आणि सहसा तेच चालू असतं.

या यादीत लगेच एंटर मारू नका, कीबोर्डवरच्या वर-खाली बाणाने फिरा, प्रत्येक पर्यायावर गेलं की साइडबारमध्ये तिथल्या तिथे बदल दिसतो. आवडलं तर एंटर, नाहीतर एस्केप, एस्केपने काही बिघडत नाही, आधीचंच परत येतं.

सेटी वाईट नाही. रंग आहेत, हलकं आहे, लहान प्रोजेक्टला पुरेसं आहे. पण त्यात फोल्डरला आयकॉनच नाही, नुसता बाण. फोल्डर जास्त झाले की तिथे डोळे अडखळतात. ज्यांना साधंच आवडतं त्यांनी इथेच थांबलं तरी हरकत नाही, सहाव्या पायरीवर जा.

३. एक्स्टेंशन इन्स्टॉल करा

कंट्रोल-शिफ्ट-एक्स दाबा, किंवा डावीकडच्या उभ्या पट्टीत चार चौकोनांचं चिन्ह आहे त्यावर क्लिक करा. सर्चमध्ये मटेरिअल आयकॉन थीम असं इंग्रजीत लिहा.

इथे सावकाश. सारख्या नावाची बरीच एक्स्टेंशन आहेत. मटेरिअल थीम वेगळं, मटेरिअल थीम आयकॉन्स वेगळं, आणि आपल्याला हवं ते मटेरिअल आयकॉन थीम वेगळं. नाव आणि लोगो सारखा ठेवून खोटी एक्स्टेंशन टाकायचे प्रकार या मार्केटप्लेसवर झालेले आहेत आणि एक्स्टेंशन म्हणजे तुमच्या मशीनवर चालणारा कोड असतो, त्यामुळे दोन गोष्टी बघितल्याशिवाय इन्स्टॉलवर क्लिक करायचं नाही. एक, पब्लिशरचं नाव, ते फिलिप कीफ असं असायला पाहिजे. दोन, डाउनलोडचा आकडा, खरं एक्स्टेंशन कोट्यवधी वेळा डाउनलोड झालंय, चारशे डाउनलोडवालं दिसलं तर ते हे नाही.

एखाद्या पब्लिशरचं एक्स्टेंशन पहिल्यांदा टाकताना नवीन व्हीएस कोड विचारतं की या पब्लिशरवर विश्वास ठेवायचा का. हा प्रश्न सगळ्यांनाच येतो, घाबरू नका, नाव परत एकदा वाचा आणि पुढे जा.

दुसरा चांगला पर्याय व्हीएसकोड-आयकॉन्स नावाचा आहे, त्यातले आयकॉन जरा जास्त भरलेले, जास्त तपशीलवार असतात. माझं मत विचाराल तर लॅपटॉपच्या लहान स्क्रीनवर मटेरिअलचे आयकॉन जास्त स्वच्छ दिसतात म्हणून मी नवीन माणसाला तेच सांगतो, पण दोन्ही टाकून बघा, एका वेळी चालू एकच राहतं, एकमेकांत भांडण होत नाही. नंतर जे नको ते काढून टाका म्हणजे झालं.

व्हीएस कोडियम वापरणाऱ्यांसाठी: तुमचं मार्केटप्लेस वेगळं असतं, ओपन व्हीएसएक्स नावाचं, पण मटेरिअल आयकॉन थीम तिथेही मिळतं.

४. चालू करा

इन्स्टॉल झाल्या झाल्या बहुतेक वेळा वरती यादी आपोआप उघडते, त्यात मटेरिअल आयकॉन थीमवर एंटर मारा. यादी आली नाही, किंवा आली आणि चुकून बाहेर क्लिक झालं तर ती बंद होते आणि नुसतं इन्स्टॉल होऊन राहतं, चालू होत नाही. मग दुसऱ्या पायरीत केलं तसंच कमांड पॅलेटमधून फाइल आयकॉन थीम उघडा, आता यादीत नवीन नाव आलेलं असेल.

टॅबवर आयकॉन दिसत नसतील आणि साइडबारमध्ये दिसत असतील तर सेटिंग्स उघडा, त्यासाठी कंट्रोल आणि स्वल्पविरामाचं बटण एकत्र दाबा, आणि तिथे शो आयकॉन्स म्हणून शोधा. वर्कबेंच एडिटरखाली एक टिक आहे, ती काढलेली असेल.

एखाद्याच प्रोजेक्टमध्ये थीम वेगळी येते, बाकी सगळीकडे बरोबर, असं झालं तर त्या प्रोजेक्टच्या आत वर्कस्पेस सेटिंग केलेलं असतं. सेटिंग्सच्या पानावर वरती यूझर आणि वर्कस्पेस असे दोन टॅब असतात, वर्कस्पेसचं सेटिंग यूझरवर मात करतं. दुसऱ्या कुणाचा प्रोजेक्ट गिटवरून (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) उतरवला की हे हमखास होतं.

५. आता तपासून बघा

रिकामा फोल्डर व्हीएस कोडमध्ये उघडा, नवीन फाइल करा आणि वेगवेगळी एक्स्टेंशन (इथे अर्थ फाइलच्या नावातला डॉटच्या पुढचा भाग) देऊन बघा. नाव टाइप करत असतानाच आयकॉन बदलतो, ते बघण्यासारखं आहे. डॉट एचटीएमएल लिहिलं की नारिंगी, डॉट जेएस लिहिलं की पिवळा, डॉट पीवाय लिहिलं की पायथनचा निळा-पिवळा. रीडमी नावाची मार्कडाउन फाइल केली की साध्या मार्कडाउनचा नाही, माहितीचा निळा गोल येतो. पॅकेज डॉट जेसन केली की बाकीच्या जेसनसारखा पिवळा महिरपी कंस न येता हिरवा नोडचा आयकॉन येतो.

यावरून एक नियम लक्षात घ्या, पुढे सगळीकडे हाच लागणार आहे. एडिटर फाइलच्या आत काय लिहिलंय ते वाचत नाही, नावावरून ठरवतो. आधी पूर्ण नाव जुळतंय का बघतो, नसेल तर डॉटच्या पुढचा भाग बघतो, त्यातही लांब भाग आधी, म्हणजे शेवटी स्पेक डॉट टीएस असेल तर नुसत्या टीएसपेक्षा तो आधी धरतो, आणि यातलं काहीच नाही जुळलं तर एडिटरने त्या फाइलची भाषा कुठली धरलीय ते बघतो. डॉकरफाइल किंवा मेकफाइल यांना एक्स्टेंशन नसतं तरी आयकॉन येतो तो पूर्ण नावामुळेच.

जावास्क्रिप्ट आणि जेसन दोन्ही पिवळे आहेत, सुरुवातीला गल्लत होऊ शकते, तिथे रंगावर जाऊ नका, आकार बघा, जेसनला महिरपी कंस असतो. ज्यांना लाल-हिरव्यात फरक पटकन कळत नाही त्यांनी तर आकारावरच भर द्यावा, थीममध्ये सगळे आयकॉन करडे करायची सोयसुद्धा आहे आणि रंग कमी-जास्त करायचीही.

६. विंडोजवाल्यांनी हे वाचाच: एचटीएमएल डॉट टीएक्सटीचा सापळा

विंडोज नेहमीच्या सेटिंगमध्ये फाइलचं एक्स्टेंशन लपवून ठेवतं. आता कुणी नोटपॅडमध्ये वेबपेज लिहिलं, सेव्ह करताना इंडेक्स डॉट एचटीएमएल असं नाव दिलं, पण खालच्या सेव्ह ॲज टाइपमध्ये टेक्स्ट डॉक्युमेंट्सच राहू दिलं, की नोटपॅड त्याच्या पुढे स्वतःचं डॉट टीएक्सटी चिकटवू शकतं. विंडोजच्या फोल्डरमध्ये दिसतं इंडेक्स डॉट एचटीएमएल, कारण शेवटचा तुकडा लपलेला आहे. डबल क्लिक केलं की ब्राउझरऐवजी नोटपॅडच उघडतं. सर म्हणतात फाइलचं नाव बरोबर आहे, मुलगा म्हणतो मी तेच केलंय, आणि दोघांनाही समोर दिसतंय ते खरंच बरोबर दिसतंय.

हाच फोल्डर व्हीएस कोडमध्ये उघडा. पूर्ण नाव तर दिसतंच, पण त्याच्याही आधी डोळ्यात भरतो तो आयकॉन, शेजारच्या फाइल्स नारिंगी आणि ही एक साध्या कागदाची. बस, इथेच चूक सापडली. फाइलवर क्लिक करून एफ-२ दाबा, मॅकवर एंटर, शेवटचं डॉट टीएक्सटी पुसा, एंटर. आयकॉन लगेच नारिंगी होतो आणि पेज ब्राउझरमध्ये उघडायला लागतं.

हे परत होऊ नये म्हणून विंडोज ११ मध्ये फोल्डर उघडून वरती व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स यावर टिक करा. विंडोज १० मध्ये व्ह्यू टॅबवरच ती टिक आहे. कोडिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने मशीन हातात आल्यावर सगळ्यात आधी ही टिक करावी असं मला मनापासून वाटतं, आयकॉन वगैरे नंतर.

याच प्रकारातली दुसरी चूक म्हणजे स्पेलिंग. डॉट सीएसएसमध्ये एक एस जास्त, डॉट एचटीएमएलमध्ये टी आणि एम उलटसुलट, जावास्क्रिप्टच्या डॉटऐवजी कॉमा. आयकॉन साधा कागदाचा आला की समजायचं नावात काहीतरी घोटाळा आहे.

७. फाइलच्या नावाचा रंग आणि आयकॉनचा रंग वेगळे

आयकॉन लावल्यावर लोक विचारतात की हीच एक फाइल पिवळी का, ती हिरवी का. नीट बघितलं तर आयकॉन तोच असतो, नावाची अक्षरं रंगलेली असतात. हे आयकॉन थीमचं काम नाही, ते गिटचं आहे. फाइल बदललीत पण कमिट केली नाही, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवला नाही, तर नाव पिवळसर होतं आणि उजवीकडे एम येतो. गिटला अजून माहीतच नसलेली नवीन फाइल हिरवी, पुढे यू. गिटने लक्ष देऊ नये म्हणून गिटइग्नोरमध्ये टाकलेली करडी. लाल नाव आणि शेजारी आकडा म्हणजे त्या फाइलमध्ये तेवढे एरर आहेत. फोल्डरचं नावही लाल दिसलं तर आतल्या कुठल्या तरी फाइलमध्ये एरर आहे, आत जाऊन शोधा.

हे रंग कलर थीमनुसार थोडे बदलतात. नकोच असतील तर सेटिंग्समध्ये एक्स्प्लोरर डेकोरेशन्स म्हणून शोधा, रंगाची टिक वेगळी आणि अक्षराची वेगळी. पण मी तरी ते बंद करू नका असंच सांगेन, कमिट करायचं काय राहिलंय ते एका नजरेत कळतं.

८. फोल्डरचे रंग

कमांड पॅलेटमध्ये मटेरिअल आयकॉन्स एवढंच लिहिलं की त्या एक्स्टेंशनच्या सगळ्या कमांड एका खाली एक येतात. त्यातल्या नवीन माणसाच्या उपयोगाच्या तीन. चेंज फोल्डर कलरने साध्या फोल्डरचा रंग बदलतो. चेंज फोल्डर थीममध्ये स्पेसिफिक ठेवलं तर ओळखीच्या नावाच्या फोल्डरला खास चित्र मिळतं, क्लासिक केलं तर सगळे फोल्डर एकसारखे, नन केलं तर फोल्डरचे आयकॉनच जातात. आणि टॉगल एक्स्प्लोरर ॲरोजने फोल्डरच्या पुढचे बाण लपतात, जागा वाचते.

फार उलटसुलट करून बसलात तर रिस्टोर डिफॉल्ट कॉन्फिगरेशन ही कमांड आहे, सगळं पहिल्यासारखं. बदल दिसायला वेळ लागला तर डेव्हलपर: रीलोड विंडो ही कमांड चालवा, एडिटर बंद करून उघडायची गरज नाही.

फोल्डरची खास चित्रंही नावावरच चालतात, आणि ती नावं इंग्रजी. एसआरसी, इमेजेस, टेस्ट, डॉक्स असं नाव असेल तर खास चित्र, आणि आपण रोमन अक्षरात चित्रे किंवा कागदपत्रे असं नाव दिलं की साधा फोल्डर. आपल्यातले बरेच जण फोल्डरला मराठीच नावं देतात, द्यावीतच, त्यासाठी नाव बदलायची गरज नाही, पुढची पायरी बघा.

९. स्वतःच्या नावांना आयकॉन जोडणं

सेटिंग्स उघडा आणि मटेरिअल आयकॉन थीम असोसिएशन्स असं शोधा. फाइल्सचं एक आणि फोल्डर्सचं एक अशी दोन सेटिंग दिसतील. तिथे ॲड आयटमचं बटण दिसलं तर दोन रकान्यांत भरा, आणि एडिट इन सेटिंग्स डॉट जेसन अशी लिंक दिसली तर तिच्यावर क्लिक करा, सेटिंगचं नाव एडिटर स्वतः लिहून देतो, तुम्हाला फक्त महिरपी कंसाच्या आत लिहायचंय.

फोल्डरसाठी डावीकडे तुमच्या फोल्डरचं नाव जसं आहे तसं, उजवीकडे थीममधल्या आयकॉनचं नाव. म्हणजे डावीकडे चित्रे, उजवीकडे इमेजेस. डावीकडे कागदपत्रे, उजवीकडे डॉक्स. सगळं इंग्रजी अक्षरात.

फाइलसाठी डावीकडे एक चांदणी, मग डॉट, मग एक्स्टेंशन. समजा तुम्ही टिपणं डॉट नोट अशा एक्स्टेंशनने ठेवता आणि त्यांना मार्कडाउनचा आयकॉन हवा, तर डावीकडे चांदणी-डॉट-नोट आणि उजवीकडे मार्कडाउन. एका चांदणीने ज्या फाइल्सना आधीच खास आयकॉन आहे त्यांना धक्का लागत नाही. म्हणजे चांदणी-डॉट-जेसन लिहिलं तरी पॅकेज डॉट जेसनचा हिरवा आयकॉन तसाच राहतो. त्यालाही बदलायचं असेल तर दोन चांदण्या.

आयकॉनची नावं मनाने लिहू नका. एक्स्टेंशनच्या पानावर सगळ्या फाइल आयकॉनचं एक आणि फोल्डर आयकॉनचं एक अशी मोठी चित्रं दिलेली आहेत, प्रत्येकाखाली नाव आहे, तेच लिहायचं.

जेसनमध्ये हात घालताना दोन गोष्टी सांभाळा. दोन ओळींच्या मध्ये कॉमा विसरला की तिथे लाल नागमोडी रेष येते आणि सेटिंग लागत नाही. आणि वर्डमधून कॉपी केलेले अवतरण चिन्ह वाकडे असतात, ते जेसनला चालत नाहीत, एडिटरमध्येच हाताने टाइप करा.

असलेलाच आयकॉन वेगळ्या रंगात हवा असेल तर त्याच सेटिंगच्या आसपास कस्टम क्लोन्स नावाचं सेटिंग आहे. त्यात नवीन नाव, मूळ आयकॉन, रंगाचा हॅश कोड आणि कुठल्या फाइल्सना लावायचा एवढं द्यायचं. कामावर एकाच प्रकारच्या पण वेगवेगळ्या कामाच्या फाइल्स असतील तर हे फार छान चालतं.

एक गोष्ट स्पष्ट करतो कारण इथे लोक अडकतात. आयकॉन जोडला म्हणून फाइलमधला कोड रंगीत होत नाही. डॉट नोटला मार्कडाउनचा आयकॉन आला तरी आत अक्षरं साधीच राहतात आणि खाली उजवीकडे प्लेन टेक्स्ट लिहिलेलं असतं. ते वेगळं काम आहे, त्या प्लेन टेक्स्टवर क्लिक करा, कॉन्फिगर फाइल असोसिएशन फॉर डॉट नोट अशी ओळ वरती दिसेल, तिथून मार्कडाउन निवडा. आयकॉनचं असोसिएशन आणि भाषेचं असोसिएशन दोन्ही वेगळी सेटिंग आहेत, नाव सारखं असलं तरी.

१०. इंटरनेट नसेल किंवा लॅबमध्ये मार्केटप्लेस बंद असेल तर

घरच्या मशीनवर एक्स्टेंशनच्या यादीत नावावर राइट क्लिक करा, डाउनलोड व्हीएसआयएक्स दिसेल. त्या एका फाइलमध्ये अख्खं एक्स्टेंशन असतं, ती पेनड्राइव्हवर घ्या. लॅबमध्ये एक्स्टेंशनच्या पट्टीत वरती तीन टिंबं आहेत, त्यात इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स. दोन्हीकडच्या व्हीएस कोडच्या आवृत्तीत फार फरक असेल तर जुन्या मशीनवर इन्स्टॉल होत नाही, तेव्हा घरून थोडी जुनी आवृत्ती डाउनलोड करून न्या. दुसऱ्या कुणी दिलेली व्हीएसआयएक्स फाइल मात्र घेऊ नका, तिच्यात काय आहे ते वरून कळत नाही.

स्वतःची दोन मशीन असतील तर डावीकडे खाली माणसाच्या चिन्हावर क्लिक करून सेटिंग्स सिंक चालू करा, गिटहब किंवा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने होतं. थीम, असोसिएशन्स सगळं आपोआप येतं. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) किंवा एसएसएचने दुसऱ्या मशीनवरचा प्रोजेक्ट उघडत असाल तर तिकडे आयकॉन थीम परत टाकू नका, थीम तुमच्या समोरच्या मशीनवरूनच लागते.

११. निओव्हिम आणि बाकीचे एडिटर

सब्लाइम टेक्स्ट असेल तर पॅकेज कंट्रोलमधून ए फाइल आयकॉन नावाचं पॅकेज टाका, झालं.

निओव्हिमची गोष्ट मात्र मुळातच वेगळी आहे. व्हीएस कोडमध्ये मटेरिअलचे आयकॉन म्हणजे चित्रं असतात, टर्मिनलमध्ये चित्र काढायची तशी सोय नाही, तिथे आयकॉन हे एक अक्षर असतं. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) प्रायव्हेट यूझ एरिया म्हणून मोकळी जागा आहे, नर्ड फॉन्ट्सवाल्यांनी तिथे आयकॉन बसवून नेहमीचे फॉन्ट परत तयार केलेत. तुमच्या फॉन्टमध्ये ते अक्षर नसेल तर फाइलच्या नावापुढे रिकामा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. प्लगइन कितीही वेळा काढून परत टाका, चौकोन जाणार नाही, कारण दोष प्लगइनचा नसतोच.

तर क्रम असा. आधी एक नर्ड फॉन्ट उतरवा, जेटब्रेन्स मोनोचा चालेल, किंवा मायक्रोसॉफ्टच्या कॅस्केडिया कोडमध्ये २०२४ पासून एनएफ नावाचा प्रकार येतो तोही चालेल. तो मशीनवर इन्स्टॉल करा. मग टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जाऊन तो फॉन्ट निवडा, ही पायरी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते, नुसता इन्स्टॉल करून काही होत नाही. विंडोज टर्मिनलमध्ये ते प्रोफाइलच्या अपिअरन्समध्ये आहे. त्यानंतर निओव्हिममध्ये एनव्हिम-वेब-डेव्हआयकॉन्स आणि फाइल दाखवण्यासाठी एनव्हिम-ट्री ही दोन प्लगइन टाका.

डब्ल्यूएसएलवाल्यांनो, फॉन्ट विंडोजमध्ये टाकायचा, उबुंटूच्या आत नाही. एसएसएचलाही तेच, फॉन्ट तुमच्या लॅपटॉपवर, सर्व्हरवर नाही. अक्षर सर्व्हर पाठवतो पण ते स्क्रीनवर काढतो तुमचा टर्मिनल. व्हीएस कोडच्या आतल्या टर्मिनलमध्ये निओव्हिम चालवत असाल तर तिथला फॉन्ट वेगळा निवडावा लागतो, टर्मिनल इंटिग्रेटेड फॉन्ट फॅमिली या सेटिंगमध्ये.

आयकॉन दिसतायत पण सगळे एकाच रंगात, असं असेल तर निओव्हिमचं पूर्ण रंग दाखवायचं सेटिंग, टर्मगुइकलर्स, चालू आहे का बघा. निओव्हिम ०.१० पासून टर्मिनलला जमत असेल तर ते आपोआप चालू होतं, जुन्या आवृत्तीत स्वतः चालू करायला लागतं. आयकॉन फार बारीक वाटले तर फॉन्टच्या नावाच्या शेवटी मोनो लिहिलेला प्रकार निवडलाय का ते बघा, त्यात आयकॉन एका अक्षराच्या रुंदीत कोंबलेले असतात, मोनो नसलेला घ्या. आणि काही आयकॉन बरोबर पण काही भलतेच किंवा चौकोन येत असतील तर फॉन्ट आणि प्लगइन यांच्या आवृत्त्या जुळत नाहीयेत, २०२३ मध्ये नर्ड फॉन्ट्सच्या तिसऱ्या आवृत्तीत बऱ्याच आयकॉनच्या जागा बदलल्या, त्यामुळे जुना फॉन्ट आणि नवीन प्लगइन किंवा उलटं असं चालत नाही. दोन्ही अपडेट करा आणि टर्मिनल पूर्ण बंद करून परत उघडा, नुसता नवीन टॅब उघडून काही वेळा जुनाच फॉन्ट राहतो.